कांब गार नव्हती

थंडोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण कारखान्यात खऱ्या नावाने हाक मारली असती तर त्याने मागे वळूनही पाहिलं नसतं. तो लोखंड तापवायच्या भट्टीवर होता. भट्टीतून लालबुंद कांब निघायची, पुढे रोलखाली दाबली जाऊन तिची सळई व्हायची. कधी ती मध्येच अडकली, की कोणी काही बघायच्या आत ओरडा व्हायचा, "कांब गार!" गार लोखंड रोलखाली दबत नाही हे खरं, पण इथे रीतच होती तशी. रोल झिजलेला असो की मोटर रुसलेली असो, खापर भट्टीवाल्याच्या डोक्यावर. तो नवा होता तेव्हा एकदा अशीच कांब अडकली, रोलच्या फोरमनने सगळ्यांदेखत त्याला थंडोबा म्हटलं, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

मग बिचारा काय करणार? पाळीवर आला की आधी तेलाचा व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त उघडायचा. पुढचा पाळीवाला त्यात स्वतःची भर घालायचा. भट्टीच्या दारातून जाळ बाहेर डोकावायचा, कांबीवरचं लोखंड पापुद्रे होऊन गळायचं, पण कोणाला काय त्याचं? तेल जास्त जळलं म्हणून कोणी कुणाला नाव ठेवल्याचं ऐकिवात नव्हतं.

आधीच्या साहेबांनी इंधन वाचवायच्या पाट्या लावल्या आणि बदली घेऊन गेले. नव्या इंजिनीअर मॅडम मात्र भट्टीपाशी घाम पुसत उभ्या राहिल्या आणि त्यालाच विचारलं, की एवढा जाळ लागत नाही हे तुम्हालाही माहीत आहे, मग भीती कसली वाटते? इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. त्याने थंडोबाची सगळी कथा सांगून टाकली. त्या हसल्या नाहीत. कांब अडकली तर रोल, मोटर, गाइड सगळं तपासल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी त्याच फोरमनकडून कबूल करून घेतलं. फोरमन कुरकुरला, पण हो म्हणाला.

जाळ कमी करायचा दिवस ठरला. थंडोबाची निवृत्ती तोंडावर आली होती. आता एक कांब अडकली की फाटकाबाहेरही हेच नाव घेऊन जायचं. बायकोने डबा देताना, चहा तसाच का ठेवला म्हणून विचारलं. तो म्हणाला, फार गरम आहे.

सकाळ छान गेली. जेवणानंतर एक कांब रोलपाशी अडली, उसळली आणि वेडीवाकडी होऊन पडली. मिल थांबली. सगळ्यांच्या माना भट्टीकडे वळल्या, एकाच्या तोंडून "कांब..." निघालंसुद्धा. फोरमनने हात वर केला. तो गुडघ्यावर बसला, टॉर्च मारून गाइड हलवून पाहिला. हा गाइड म्हणजे कांब सरळ रोलमध्ये घालणारी लोखंडी वाट, आणि ती कसून ठेवणं फोरमनचं काम. मिल थांबवल्याचा जाब त्यालाच द्यावा लागणार होता. मनात आणलं असतं तर गप्प बसता आलं असतं. तो उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कांब गरम होती. माझा गाइड सैल होता."

गाइड घट्ट झाला, मिल सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत कमी जाळावरच चालली. पाळी सुटल्यावर थंडोबा स्वतः चहा घेऊन फोरमनकडे गेला. उपकार झाले, एवढंच कसंबसं म्हणाला. फोरमन खेकसला, "उपकार कसले? गरम होती तर गरमच म्हणणार. आणि साखर कुठंय यात?"

थंडोबा साखर आणायला वळला. डोळे भरले होते ते कोणाला दिसू नयेत म्हणून जरा हळूच चालला. फोरमनचा राग करण्यात निम्मं आयुष्य गेलं होतं, आणि आज त्या माणसासाठी कितीही खेपा घालायची त्याची तयारी होती.

घरी आल्यावर त्याने बायकोला फक्त एवढंच सांगितलं, की आज फोरमन सगळ्यांसमोर कांब गरम होती म्हणाला. तिने भांडी घासायची थांबवली, हात पुसले आणि त्याच्याजवळ येऊन बसली.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.