सेन्सरची आरती

नोकरीचा सहावा महिना होता आणि माझी सगळी भिस्त नखाएवढ्या एका क्वार्ट्झच्या चकतीवर होती. तमिळ मुलखात, गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा सात माणसांचा कारखाना होता. तिथे मी वास ओळखणारा सेन्सर बनवत होते. रंगाच्या कारखान्यात कुठे थिनर गळत असेल, तर माणसाच्या नाकाआधी त्याने बोंब मारायची, एवढंच त्याचं काम.

चकतीच्या दोन टोकांना कंगव्यासारखे धातूचे बारीक दात असतात. एका कंगव्याला वीज दिली की चकतीच्या पाठीवरून एक लाट निघते आणि दुसरा कंगवा ती झेलतो. मधल्या वाटेवर प्लास्टिकसारखा पातळ लेप. हवेतली वाफ त्या लेपात शिरली की लेप जड होतो, लाट मंदावते आणि यंत्रावरचे आकडे उतरतात. घरी फोनवर मी समजावलं होतं, "आई, ओलं पातळ नेसून चाललीस की चाल मंदावते ना, तसं." आई म्हणाली, "मग वाळू दे की." मी मनात हसले होते.

मालकांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. विजयादशमीला रंगकारखान्याचे साहेब बघायला येणार. त्यांना पसंत पडलं तर मी कायम; नाही तर हे काम बंद, आणि मला द्यायला दुसरं काम नाही. सांगलीत वडिलांनी एका कॉलेजात माझ्यासाठी शब्द टाकूनच ठेवला होता. मला परत जायचं नव्हतं. ही नोकरी मला मनापासून हवी होती. चार सेन्सरांपैकी तीन माझ्याच हातून कामातून गेले होते. उरलेला एक झाकणाच्या डबीत होता आणि त्याच्याजवळ मी कुणाला शिंकूही देत नव्हते.

आदल्या दिवशी आयुधपूजा. आमच्याकडच्या खंडेनवमीसारखीच, पण इथे हौस दांडगी. लेथपासून सोल्डरिंगच्या कांडीपर्यंत सगळं धुऊनपुसून चंदन-कुंकवाने नटवतात. टेलिफोनही सुटत नाही. हे सगळं खातं आमच्या फिटरकाकांकडे. काका तंजावरचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेलं घराणं. त्यांची मराठी जुन्या पोथीतली, पण चाल तमिळ. माझी मराठी त्यांना फार धावती वाटायची.

चंदनाची वाटी घेऊन ते माझ्या टेबलाशी आले, तशी मी आडवी आले. "काका, चकतीला बोटसुद्धा लावायचं नाही. चंदनाच्या एका कणाने ती आंधळी होईल."

"सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, ते म्हणाले. "डबीस तरी लावितों. तीस नको कां कांहीं?"

डबीला टिकली लागली. मी जिंकले. आणि जिंकल्यावर मला वाईट वाटू लागलं. सगळ्या कारखान्याची पूजा झाली आणि माझ्या एकुलत्या एका लेकराला बाहेरून टिकली. म्हणून काका कारखान्याची दृष्ट काढून भोपळा फोडायला दाराबाहेर गेले, तेव्हा मी त्यांचं तबक उचललं, डबीचं झाकण काढलं आणि सेन्सरला कापराची यथासांग आरती ओवाळली. तीन वेळा. इंजिनियरिंगची पदवी असलेल्या बाईने.

दहा मिनिटांनी सुंडलचा, म्हणजे प्रसादाच्या उकडलेल्या हरभऱ्यांचा, द्रोण हातात घेऊन मी सहज बघितलं, तर आकडे उतरत होते. जुन्या रेकॉर्डरची पेन्सिल कागदी पट्टीवर सावकाश खाली सरकत होती. मी द्रोण तसाच टेबलावर ठेवला. कापराची वाफ लेपात शिरली होती. लेप झटपट वाळवणारी कोरड्या वायूची नळी उचलायला मी धावले.

काकांनी हात आडवा घातला. "आतां हात लावूं नये. पूजेंत बसलीं आहेत सगळीं. उद्यां सकाळीं."

मालकही तेच म्हणाले. पूजा झाली की हत्यारांना सुट्टी. सकाळची पूजा होईपर्यंत कुणी शिवायचं नाही, बंदही करायचं नाही. मग त्यांनी पट्टीकडे बघून विचारलं, "हे कशाने झालं?"

"काकांच्या कापराने," मी म्हणाले. वर काकांकडे वळून हेही ऐकवलं, की तुमच्या पूजेपायी माझी नोकरी चालली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. काका तबक घेऊन पट्टीजवळ क्षणभर रेंगाळले आणि दुसऱ्या कामाला लागले. मी पाय आपटत घरी गेले.

सकाळी आले तेव्हा काकांची पूजा उरकली होती. पट्टीवरची रेघ रात्रभरात हळूहळू चढून जवळजवळ मूळ जागी आली होती. कापूरच तो, उडून गेला. आई म्हणाली होती तसं वाळलं होतं.

साहेब आले. मी कापसावर थिनरचे दोन थेंब टाकून डबीजवळ धरले. आकडे धाडकन खाली, कापूस दूर नेल्यावर दोन मिनिटांत वर. साहेबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "आमच्याकडे दर शुक्रवारी पूजा असते. कापूर लावला की हा दर शुक्रवारी बोंबलणार का?"

मालक माझ्याकडे बघू लागले. उत्तर एकच होतं आणि ते कालच्या पट्टीवर होतं. मी पट्टी उलगडली. थिनरची रेघ विहिरीत पडल्यासारखी जाते. कापराची घाटासारखी उतरते आणि तशीच सावकाश चढते. वेग बघून दोन्ही वेगळे ओळखता येतील, असं मी सांगितलं. काल मला नळी उचलू दिली असती, तर ही रेघ पुरी झालीच नसती.

"आणि हे काय?" साहेबांनी बोट ठेवलं.

रेघ जिथून उतरायला लागली होती, नेमक्या त्या जागी कुंकवाची टिकली होती. म्हणजे काकांनी दारातून मला बघितलं होतं.

मालक शेजारीच उभे होते. माझे कान तापले. "तिथे मी आरती केली," मी म्हणाले. "काकांनी नाही. मी. काल खोटं बोलले."

साहेब इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मालक हसले नाहीत, पण महिनाअखेरीला कायम केल्याचं पत्र दिलं.

त्या दिवशी साहेब गेल्यावर मी काकांकडे गेले. ते लेथवरचं वाळलेलं चंदन खरवडत होते. "काल मालकांसमोर तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललों की," ते म्हणाले. "पट्टीवर."

दसराच होता. पाया पडायला निमित्त शोधावं लागलं नाही.