वहिनींनी आवरलेला कोड

आमच्या वहिनींना आवरायचं भारी वेड. चहा पिऊन कप खाली ठेवला, की आपण हात बाजूला घ्यायच्या आत तो धुऊन पालथा. अशा बाईला मी माझ्याच कंपनीत चिकटवलं, ही माझी हौस. मी टेस्टर, त्या जावा या संगणकभाषेच्या प्रोग्रामर. मी 'वहिनी' म्हणतो म्हणून सगळं ऑफिस वहिनी म्हणायला लागलं, साहेबांसकट.

जुळ्यांपायी त्या सात-आठ वर्षं घरी होत्या. "भाऊजी, सगळं विसरले असेन हो मी," हे पालुपद रोजचं. साहेबांनी आधी काम बघू म्हणून घेतलं होतं. ठेवायचं की नाही, ते त्या शुक्रवारी कळणार होतं.

आणि बाईंनी नेमकं गुरुवारी आवरायला काढलं!

आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांच्या भेटींच्या वेळा सांभाळतं. प्रत्येक दवाखाना तारीख आपल्या तऱ्हेने लिहून पाठवतो आणि ती एकसारखी करायला सहा छोटे क्लास, म्हणजे कोडचे नावं दिलेले तुकडे, होते. प्रत्येकात कामाची ओळ एकच, बाकी सगळा पसारा. वहिनींना पसारा बघवतोय कुठला? त्यांनी सहाही क्लास उडवून तिथे एकेका ओळीचे लॅम्डा, म्हणजे बिननावाचे तुकडे, बसवले. काम देखणं झालं. मी एकेक वेगळा चालवून बघितला आणि पास केला.

शुक्रवारी सकाळी सर्व्हर उठेचना. ज्या फ्रेमवर्कने हे सगळे भाग एकमेकांना जोडायचे, ते एकच रडगाणं गात होतं: यांचे प्रकार ठरवता येत नाहीत.

"काल काय बदललंत, वहिनी?" साहेबांनी साधंच विचारलं, पण वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. "दुपारपर्यंत बघा, नाहीतर कालचं सगळं मागे घेऊ," साहेब म्हणाले.

फ्रेमवर्कची आवृत्ती बदलून झाली, सगळं पुसून पुन्हा बांधून झालं. फ्रेमवर्कच भिकार आहे, असं माझं तीनदा सांगून झालं.

"भाऊजी, तोंड बंद ठेवा जरा."

मग त्यांनी फ्रेमवर्कचाच कोड उघडला आणि एकेक पायरी थांबत थांबत चालवला. जोडण्याआधी ते प्रत्येकाला विचारत होतं, तू काय घेतोस आणि काय देतोस? क्लासवर उत्तर लिहिलेलं असायचं: मजकूर घेतो, तारीख देतो. लॅम्डाच्या बाबतीत प्रोग्राम चालू होण्याआधीच जावा ते उत्तर टाकून देतं. लॅम्डा आपलं काम चोख करत होते, पण विचारलं की गप्प. मी तपासताना त्यांना हे विचारलंच नव्हतं.

"डबे एकसारखे केले आणि चिठ्ठ्या फेकून दिल्या मी," वहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या.

सहाही क्लास पसाऱ्यासकट परत आले. सर्व्हर उठला. माझा जीव भांड्यात पडला. नाहीतर दादाला काय तोंड दाखवणार होतो?

साहेब येऊन बघून गेले. जाताजाता म्हणाले, "सोमवारी कायमचं पत्र घेऊन जा, वहिनी. बुधवारीच सही केली मी."

मग सकाळी सांगायला काय झालं होतं या माणसाला!

वहिनी जिन्यात जाऊन दादाला फोन करत होत्या आणि हुंदके देत होत्या. दादाचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला, "अगं, नोकरी पक्की झाली ना? मग रडतेस कशाला?"

"नोकरीचं नाही रे," वहिनी म्हणाल्या. "मला येतंय अजून."