जावयानं बदललेली सायकल

अर्धे तांदूळ पाखडून झाले होते, अर्धे सुपातच होते, तेव्हा बायनाबाई फाटकाशी आली. सायकल सोबत होती, पण बाई सायकलवर नव्हती. शेळी बाजाराला न्यावी तशी हँडल धरून चालवत आणत होती. दोन महिन्यांपासून मी हेच बघत होते; जाताना बसून जायची, येताना अशी चालत यायची. त्या दिवशी मात्र ती ओसरीवर एका अंगानं टेकली आणि "माय व!" म्हणाली. मग मी सूप खाली ठेवलं.

"काऊन व बायनाबाई, सायकल बिमार हाये का? तूच तिले फिरवून राह्यली."

"हास तू," ती म्हणाली. "बसता येत नाई मले. आन् आज पोस्टाच्या ओवरसियर साहेबाचा फोन आलता. खैरटोल्याची डाक दोन डाव उशिरा गेली. म्हणते, बाई, जमत नसन तं सोमवारी लेखी द्या. तो टोला दुसऱ्याले देतो."

साहेबाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. डाक वेळेवर जायलाच पाहिजे. पण खैरटोला म्हणजे बायनाबाईचं काय आहे ते सांगायला हवं.

तिचा नवरा नानाजी आमच्या गावच्या पोस्टात डाकसेवक होता. तो वारल्यावर ती जागा तिला मिळाली. तेव्हा तिला सायकलवर बसताही येत नव्हतं. लेक रिनाला शाळेत असताना सरकारी योजनेतून मिळालेली निळी सायकल घरात होती. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ती घेऊन बाई विहारामागच्या पटांगणात शिकली. अख्खं गाव बघून हसलं. हसणाऱ्यांत एकाही बाईला सायकल येत नव्हती, हे मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं आहे. पुढं नऊ वर्षं ती रोज बावीस किलोमीटर फिरली. चार गावं, आणि शेवटी जंगल ओलांडून खैरटोल्याची वस्ती. तिथल्या म्हाताऱ्या तिच्या हातानंच निराधारचे पैसे घेतात, कारण ती अंगठा घ्यायच्या आधी कागद वाचून दाखवते. तो टोला गेला तर तिचं निम्मं पोस्ट गेलं.

आणि हे सगळं कशामुळे? एका सीटमुळे आणि एका जावयामुळे.

दसऱ्याला, म्हणजे आमच्या धम्मचक्र दिनाला, रिना आणि जावई राजदीप आले होते. तेव्हा सायकलच्या सीटची एक स्प्रिंग तुटली होती आणि मुठीचं रबर झिजलं होतं. दोनच वस्तू बदलायच्या होत्या. पण राजदीप नागपूरचा. तो दर रविवारी पहाटे वीस-पंचवीस जणांच्या टोळीसोबत सायकलनं फुटाळा तलावापर्यंत जातो, तर्री-पोहे खातो आणि परत येतो. त्याला ते सायकलिंग म्हणतात. बायनाबाई बावीस किलोमीटर जाते, त्याला आम्ही डाक वाटणं म्हणतो.

तर त्यानं पुढच्याच खेपेला नागपूरहून सामान आणलं. वर वळलेलं जुनं हँडल काढून काठीसारखं सरळ, बसकं हँडल लावलं. रुंद सीट काढून तळहाताएवढी निमुळती पट्टी बसवली. पायडल लोखंडी दातांचे, चपलेचे तळवे चावणारे. लावून झाल्यावर चार पावलं मागं सरकून मोबाईलवर फोटो काढला. "कशी वाटते आई? एकदम फास्ट!"

बायनाबाई एक फेरी मारून आली. कपाळावर घाम होता. म्हणाली, "गादीवानी वाटते, जवाई."

मी तिथंच उभी होते. रोज सकाळी आम्ही दोघी विहारात मेणबत्ती लावून पंचशील घेतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्या दिवशी सकाळी घेतलं आणि दुपारी मोडलं. तेही एका सीटसाठी!

जावयाचे पाय धुणं आम्ही छप्पन साली सोडलं, असं आमच्याकडे छाती काढून सांगतात. खरं आहे. पाय धुणं सोडलं. जावयाला ‘नाही’ म्हणणं मात्र अजून कुणाला आलेलं नाही. त्यानं विष दिलं तर सासू म्हणेल, जरा साखर टाकू का?

"काढून फेक ना ते," मी ओसरीवर तिला म्हटलं.

"कसं फेकू माय? प्रेमानं आणलं त्यानं. रिनाले बोलन तो."

"मंग बस त्याच्या प्रेमावर. दुखलं का मलम लाव."

ती हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. मग म्हणाली, "आज सुरेंद्र बी कावला माह्यावर."

सुरेंद्र म्हणजे आमच्या बीटचा वनरक्षक. जंगलाच्या वळणावर त्यानं तिला थांबवलं होतं. "बाई, तुम्ही पहिले ताठ बसून जात होत्या, लांबून माणूस दिसत होतं. आता कमरेत वाकून, मान खाली घालून जाता. मोहफूल वेचणाऱ्या बायायले वाघ काऊन पकडते माहीत हाये ना? वाकलेलं माणूस त्याले जनावरच वाटते. या रस्त्यानं जायचं तं मान वर पाह्यजे."

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. बूड दुखणं एक वेळ सोसता येईल. पण जावयाचा मान राखायला बाईनं वाघापुढं मान खाली घालायची?

"उद्या शुक्रवार, चिमूरचा बाजार," मी म्हटलं. "डाक वाटून झाली का जाऊ, सामान घेऊ. पण आधी माप घेऊ. नाई तं तिथीबी कोणी जवाईच भेटन."

शेजारच्या घरकुलासाठी वाळू पडली होती. तिच्यावर पाणी मारून मी थापून सपाट केली आणि बायनाबाईला म्हटलं, बस ताठ. गवंडी बिडी ओढत बघत राहिले. "बाई, पाया खोदून राह्यल्या का?" एकानं विचारलं. बायनाबाई उठली तेव्हा वाळूत दोन खळगे होते. माणसाचा भार बसताना ज्या दोन हाडांवर येतो, त्यांचे ते खळगे. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मी सुतळी धरून दोन्हीकडे गाठी मारल्या. मग ती सुतळी जावयाच्या सीटवर ठेवली. दोन्ही गाठी सीटच्या बाहेर लोंबत होत्या. म्हणजे दोन महिने बाई सीटवर बसलीच नव्हती. सीट तिच्यात बसली होती.

चिमूरला खुशालभाऊंचं सायकलचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण बाई दिसली की त्याला वाटतं, हिला काय कळते. त्यानं पहिल्यांदा फुगलेली, गुबगुबीत सीट काढली. "हे घ्या. आत जेल हाये. लोण्यावानी."

बायनाबाईनं त्यावर अंगठा दाबला. अंगठा आत रुतला आणि खाली टणक लागलं. "भाऊ, लोणी वरच हाये. खाली फळीच हाये. दोन किलोमीटर जात नाई तं लोणी संपन."

"मग तुमाले काय पाह्यजे, सोफा?"

"सोफा नाई. रुंद पाह्यजे, खाली दोन स्प्रिंगा पाह्यजे, आन् वरचं जरा कडकच पाह्यजे. मी ताठ बसतो, माहा सारा भार मागंच येते."

मी सुतळी पुढं केली. खुशालभाऊंनी ती अशी बघितली, जसा एखादा डॉक्टर गावठी औषध बघतो. पण मग एकेक सीट काढून सुतळी लावत गेले. चौथ्या सीटवर दोन्ही गाठी आत बसल्या, कडेला बोटभर जागाही उरली.

हँडलच्या वेळी ते हसलेच. "वर वळलेलं? ते तं जुने दूधवाले वापरत. आता कोण घेते?"

"पोस्टवाली घेते," बायनाबाई म्हणाली.

माळ्यावरून धूळ झटकत हँडल खाली आलं. त्याची टोकं वळून आपल्या अंगाकडे येतात, त्यामुळे मनगट सरळ राहतं आणि माणसाला पुढं झुकावं लागत नाही. मुठी स्पंजच्या दाखवल्या. बाईनं नाकाला लावून बाजूला ठेवल्या, म्हणाली घामानं वास मारतील. जाड रबराच्या घेतल्या. पायडल रुंद, रबराचे, चपलेला धरून राहणारे.

सगळं बसवून झाल्यावर तिनं सीटवर पोस्टाचं रजिस्टर आडवं ठेवलं आणि त्यावर पेन. पेन मागं घरंगळलं.

"सीटचं नाक वर हाये भाऊ. खाली करा."

"बाई, तुम्हीच दुकान टाका," खुशालभाऊ म्हणाले, पण पाना घेऊन वाकले. यावेळी हसले नाहीत.

तिनं बाजारातून एक चक्कर मारली. पाठ सरळ, मान वर. भाजीवाल्या बायांच्या डोक्यांवरून तिला शेवटचं दुकान दिसत होतं. परत आली. सायकलवरून उतरलीच नाही, तशीच एक पाय टेकून उभी राहिली. जावयानं आणलेलं सामान खुशालभाऊंनी गोणपाटात बांधून दिलं.

रविवारी राजदीप आणि रिना आले. मी मुद्दाम लाखोळीच्या डाळीचे वडे घेऊन गेले होते. खोटं कशाला सांगू, मला बघायचं होतं. त्यानं अंगणात सायकल पाहिली आणि चेहरा उतरला.

"हे काय केलं आई? म्हाताऱ्याची सायकल करून टाकली."

"मी म्हातारीच हावो, जवाई."

"काढायचंच होतं तं तवाच सांगायचं ना!"

इथं मी बोलणार होते. त्याच्या सायकलिंगच्या चड्डीत आतून गादी शिवलेली असते, हे रिनानंच मला एकदा हसत सांगितलं होतं. सोताच्या बुडाले गादी बांधते आन् सासूले पट्टीवर बसवते! शब्द ओठावर आले होते. कडू न बोलण्याची सम्यक वाचा आठवली आणि मी वड्यांकडं बघत राहिले.

ताटं वाढून झाली तेव्हा बायनाबाईनं गोणपाट त्याच्या पुढ्यात ठेवलं. "तुमचं सामान वाईट नाई. तुमाले वाकून जोरात जायचं रायते, तुमाले बरं. मले ताठ बसून जंगलातून जायचं रायते. गादीवानी वाटते म्हटलं, ते खोटं बोलली मी. दोन महिने दुखलं आन् तुमाले सांगितलं नाई. ते माहं चुकलं."

राजदीप ताटावरून उठला, अर्धा वडा तसाच ठेवून. सासूनं जावयासमोर चूक कबूल केली, तर तो रागावला! चूक त्याची काढली असती तर काय केलं असतं, बुद्धच जाणे. बायनाबाईचा हात सवयीनं पाण्याच्या तांब्याकडे गेला, त्याच्यामागं धावायला. मग हात तिथंच थांबला. ती परत पाटावर बसली आणि तिनं आपला वडा संपवला.

रिनानं तेवढ्यात निळी सायकल घेऊन अंगणात दोन फेऱ्या मारल्या. "आई, हे बरं हाये व," म्हणाली. दोघं चहा न घेताच गेले. जाताना गोणपाट मात्र न्यायला जावई विसरला नाही. बायनाबाई संध्याकाळी विहारात थोडी रडली. मी मेणबत्तीची वात सरळ केली.

सोमवारी ती ठरल्या वेळेला खैरटोल्यात होती. वळणावर सुरेंद्रनं लांबूनच हात केला. साहेबाचा फोन आला तेव्हा तिनं सांगितलं, "लेखी द्यायचं काही नाई, साहेब. टोला माह्याकडंच राहू द्या."

रिनाचा फोन अजून आलेला नाही. येईल, नाही आला तर ही करेल. पण उद्या नाही. उद्या तिला खैरटोल्याच्या सुकरीबाईला आधारकार्ड नेऊन द्यायचं आहे.