केरीच्या चार खोल्या

२०१६ साल. मी सत्तावन्न वर्षांचा, पेडणे तालुक्यातल्या एका ठाण्यावर हवालदार. खून, दरोडे पुष्कळ पाहिले, पण मनातून जात नाही ती ही भाड्याच्या खोल्यांची भानगड.

केरीहून एक बाई तक्रार घेऊन आली. मूळची सावंतवाडीकडची, नवरा होडीवर. घरमालकाने विजेची तार तोडली होती. आठवड्यात खोली सोडा, नाहीतर सामान बाहेर काढतो, असं बजावलं होतं. घरात लेक बाळंतीण. मी डायरीला नोंद केली, जबाब घेतला. भाडं थकलंय का, विचारलं. दर महिन्याला मालकाच्याच हातात देते, म्हणाली.

मग वेळच्या वेळी भाडं देणाऱ्याला मालक काढतो कशाला? एखादी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली की निघत नाही. बायको मला फातर, म्हणजे दगड, म्हणते, ते उगाच नाही.

मालक कोरगावचा. खाणीवर ट्रक होते. खाणी बंद पडल्या आणि हाही बसला. दिवाळखोर ठरवा म्हणून त्याने कोर्टात अर्ज केला होता. मी सातवी शिकलेला, आमच्या उपनिरीक्षक बाई वकिली शिकलेल्या. मी कुणापुढे वाकत नाही, पण ठाऊक नसलेलं विचारायला लाजतही नाही. बाईंनी नीट सांगितलं. दिवाळं काढणाऱ्याला भाड्याची घरंसुद्धा कोर्टाला दाखवावी लागतात. ती आणि त्यांचं भाडं कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या ताब्यात जातं. तेवढ्याने भाडेकरू रस्त्यावर येत नाही. नातेवाइकाच्या नावावर घाईने केलेलं बक्षीसपत्रही कोर्ट रद्द करू शकतं.

याने नेमकं तेच केलं होतं. चारही खोल्या अर्जाच्या थोडं आधी मेव्हण्याला बक्षीस. भाडेकरू राहिले तर भाडं कुणाला देतो ते सांगणार, म्हणून त्यांना काढायची घाई.

मालकाला बोलावून घेतला. काही विचारलं की बक्षीसपत्राचा कागद पुढे करी. खोटं बोलणारा माणूस कागद फार घट्ट धरतो, हे मी नोकरीत शिकलो.

पंचनाम्याला केरीला गेलो, तेव्हा ती बाई सहज म्हणाली, मालक परवा वर्षाचा नारळ द्यायला आले होते. आमच्याकडे घरमालक राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ देतो आणि गावचा मानकरी गावकर मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला साकडं घालतो, घर ज्याचं त्याचं नाव घेऊन. मी तडक गावकराकडे गेलो. गाऱ्हाण्यात नाव मालकाचंच होतं, मेव्हण्याचं नव्हतंच.

त्याच दुपारी मालकाला परत बसवला, चहा दिला. कागद बाजूला ठेवायला सांगितला.

"राखणदाराक नारळ कोणाच्या नावान दिलंस?"

त्याने कप खाली ठेवला.

"मेव्हण्याचा नाव घेवक काय झाला होता?"

"सायबा, कोर्टात खोटा बोललंय," तो म्हणाला. "थंय राखणदाराफुडे कसा बोलू?"

मग सगळं बाहेर आलं. तारेचा आणि धमकीचा गुन्हा नोंदवलाच. पण उपनिरीक्षक बाईंनी त्याला सांगितलं, वकिलाकडे जा आणि अर्ज स्वतःहून दुरुस्त कर. तो गेला. पुढे खोल्या कोर्टाकडे आल्या, भाडेकरू जागचे हलले नाहीत.

कायदा आणि माणसांच्या चार भिंती, दोन्ही सांभाळता येतात, हे मला बाईंनी शिकवलं. त्यांचे उपकार मी मानतो. आणि त्या मालकाचेही मानतो. बुडालेला माणूस सहसा दुसऱ्याला धरून खाली नेतो. याने हात सोडला.

मालकाने कबूल केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमनला घेऊन मी केरीला गेलो. मालक आमच्याआधीच तिथे उभा होता. बाईसमोर मान खाली घालून म्हणाला, "बाय, तू खंय जाव नको. भाडा आता माका देव नको, कोर्ट सांगात ताका दी."

आत लेक बाळाला घेऊन काळोखात बसली होती. वायरमन खांबावर चढला आणि दिवा लागेपर्यंत मी त्याची शिडी धरून उभा राहिलो.