मामाचं तीन टोकांचं पिक

मामीचा फोन आला तेव्हा मी बरकतपुऱ्यात बँकेच्या काउंटरवर होतो. "बाळू, तुझा मामा गेला रे," एवढंच बोलून तिनं फोन शेजारणीच्या हातात दिला. समोरच्या माणसाचं पासबुक कितीतरी वेळ माझ्या हातात तसंच राहिलं... आज सव्वा महिना झाला. जलदानविधी झाला, पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि आता कुठे त्याच्याबद्दल लिहायला बसलोय. वसंतमामा काही नावाजलेला कलावंत नव्हता. सरकारी कचेरीत कारकून, राहायला मलकपेठेत, आणि आमच्या भीमगीतांच्या पार्टीत बास गिटार वाजवणारा. पण ज्याच्यापुढे मी तोंडात बोट घातलं असा उभ्या आयुष्यात एकच माणूस मला भेटला, तो हा.

पार्टी घरचीच. आई, म्हणजे मामाची अक्का, गायची, मी ढोलकी वाजवायचो आणि सगळ्यांवर दादागिरी करायचो. आमची घरं मूळची नांदेडकडची, आजोबांच्या वेळी हैदराबादला आलेली. पुढच्या पिढीची मराठी इतकी पातळ झालीय, की कोरसमधल्या मुली आमची गाणी तेलुगू अक्षरांत लिहून घेतात. म्हणून मामाचा एकच हट्ट असायचा, शब्द कळला पाहिजे. "अक्काचा शब्द मागल्या रांगंतल्या म्हातारीला कळला की बास बरोबर. नुसता बासच कळला तर समज, मी चुकलो," तो म्हणायचा. दोन बोटांनी इतकं मऊ वाजवायचा, की त्याचा बास मला कानांपेक्षा बुडाखालच्या सतरंजीतच जास्त जाणवायचा. त्याची वाहवा कोणी केल्याचं मला आठवत नाही, आणि त्याबद्दल त्याला कधी वाईट वाटल्याचंही आठवत नाही.

मग राज्याचे दोन भाग करायचं ठरलं. मामाच्या कचेरीत फायलींची वाटणी सुरू झाली. कुठला कागद या राज्याचा, कुठला त्या राज्याचा, हे बघत दिवसभर पानं उलटायची. त्या कामातच त्याच्या लक्षात आलं, की बोटांना कागद कळत नाही. एकाच्या जागी दोन पानं उलटली जायची. एकदा कुणाच्या तरी पेन्शनचं पान भलत्याच राज्याच्या गठ्ठ्यात गेलं. मामानं स्वतःच साहेबांना जाऊन सांगितलं आणि बांधलेले गठ्ठे पुन्हा सोडून दोन दिवसांत ते शोधून काढलं. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळे बोटांच्या नसा गेल्यात, जाणीव परत येणं कठीण आहे. जयंतीचा कार्यक्रम दोन महिन्यांवर आला होता.

तालमीत त्याची बोटं भलत्याच तारेवर पडू लागली. तिसऱ्या तालमीला तो म्हणाला, "पिक घेतो." पिक म्हणजे तार छेडायची प्लास्टिकची चपटी चकती. मी भडकलो. पिकनं बास वाजवायचा म्हणजे ठक-ठक आवाज, शब्दांवर दगड पडल्यासारखा! "मामा, हा काय कॉलेजचा बँड आहे का?" मी सगळ्यांदेखत त्याला सुनावलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी दीडशहाणा. त्याच संध्याकाळी आमच्या कीबोर्डवाल्या यादगिरीला गाठून विचारलं, "जयंतीला डाव्या हातानं बास सांभाळशील का?" तो हो म्हणाला. मामाला मात्र मी "कर तयारी, बघू" असं तोंडदेखलं सांगत राहिलो.

त्या रविवारी मामा मला चिक्कडपल्लीतल्या वाद्यांच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, "बेस कू पिक कैकू साब? उंगल्यां हैं ना!" मामानं हसून हात पुढे केला. "उंगल्यां हैं, पन सो गयीं." मग तासभर तो एकेक पिक तारेवर लावून बघत होता. पातळ पिक फडफडायचं. जाड पिक ठोका मारायचं. लोकरीच्या नमद्याचं मऊ पिक मला आवडलं, पण ते बोटांत फिरायचं आणि फिरलेलं मामाला कळायचंच नाही. मग भलत्याच बाजूनं तार छेडली जायची. शेवटी त्यानं एक मोठं तिकोनी पिक उचललं, चिमटीत धरून तीनदा फिरवलं आणि ठेवूनच घेतलं. "हे फिरू दे किती फिरायचं ते," तो म्हणाला. "तिन्ही टोकं सारखीच." मी बघतच राहिलो. मी असतो तर दुखणं लपवत बसलो असतो. हा बाबा ते दुखणं बरोबर घेऊनच दुकानात आला होता.

आवाज मात्र अजून टोचरा होता. मग मलकपेठेच्या घरात रोज संध्याकाळी एक कार्यक्रम सुरू झाला. मामा ते पिक घरातल्या शहाबादी फरशीवर घासायचा, तिन्ही टोकं सारखीच, थोडी थोडी. मग आवाज दाबायला तळहाताची कड तारांवर टेकवून म्हणायचा, "अक्का, कडवं म्हण." आई गायची. आत मामी भाकरी थापत असायची. कडवं संपलं की मामा ओरडायचा, "काय कळालं?" मामी आतून जेवढे कळले तेवढे शब्द सांगायची. "मधलं कायबी कळलं नाही बघा!" की हा पुन्हा फरशीवर. असं पंधरा-वीस दिवस चाललं. आई वैतागली, मामीच्या भाकरी करपल्या, मामा ढिम्म. एका संध्याकाळी मामीनं आतून अख्खं कडवं घडाघडा म्हणून दाखवलं आणि पिठाच्या हातानं बाहेर येऊन विचारलं, "आज गिटार वाजवली नाही का हो?"

मामा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. ज्या बोटांना पान कळत नव्हतं, त्या बोटांनी बायकोच्या कानांवर भरवसा ठेवून आपला जुना आवाज परत मिळवला होता. जयंतीला बास मामानंच वाजवला. मी यादगिरीला डोळ्यांनीच राहू दे म्हणून खुणावलं. झाकली मूठ तशीच राहिली, असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

जलदानविधीनंतर आईनं भावासाठी एक गाणं म्हटलं. बासला कोणी नव्हतं. यादगिरीनं कीबोर्डवर डावा हात ठेवला आणि... मामा वाजायला लागला. तोच मऊपणा, आणि शब्द येताना मामा जिथे थांबायचा तिथेच थांबणं. दोन कडव्यांच्या मध्ये मी त्याच्याकडे सरकून विचारलं, "हे कुणी शिकवलं तुला?"

"मामा सिकाए," तो म्हणाला. "तुम मेरे कू बोले ना उस साल, दूसरेच दिन मैं जा के मामा कू बोल दिया. मामा बोले, मेरा हात नै जमा तो अक्का का गाना नै रुकना. रोज सुबू आफिस के पैले मेरे घर आ के सिकाते थे."

"आणि मला का नाही सांगितलं?"

यादगिरी मान खाली घालून म्हणाला, "मामा बोले, बाळू कू नक्को बोल. शरमाएगा."

आईनं पुढचं कडवं उचललं. ढोलकी माझ्या मांडीवरच होती, पण माझा हात उचलला गेला नाही.