आप्पांचा कालवफोड्या

रविवारी सकाळी वरोरच्या किनाऱ्यावर अक्षरशः चिखलात लोळले... आणि आयुष्यातला सगळ्यात भारी फोटो घेऊन आले!

आप्पा म्हणजे माझे सासरे, रिटायर्ड शिक्षक. मागच्या थंडीत त्यांना इथे ऑयस्टरकॅचर दिसला होता. मराठीत कालवफोड्या... काळा-पांढरा, लांब केशरी चोचीचा, आपल्या डहाणूकडे क्वचितच येणारा पाहुणा.

त्यांनी पक्षीमित्रांच्या ग्रुपवर सांगितलं, तर उत्तर आलं की फोटोशिवाय नोंद घेता येणार नाही. नियम बरोबरच होता. पण एकाने खाली स्मायली टाकून विचारलं, "सर, मोतीबिंदू झालाय का?" त्यानंतर आप्पांनी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही... किनाऱ्यावर जाणंही सोडलं.

यंदा मी मोठी लेन्स घेतली आणि त्यांना जवळजवळ ओढतच स्कूटरवर बसवलं.

भरती चढत होती. पाणी वाढलं की पक्षी आपणहून किनाऱ्याकडे सरकतात, म्हणून आम्ही खडकाआड बसून राहिलो. बगळे आले, तुतारी पक्ष्यांचा थवा आला... हा काही येईना. त्यात दोन कुत्री धावत आली आणि सगळेच भुर्रकन उडाले. मी कॅमेरा बॅगेत ठेवायला लागले.

आप्पांनी माझा हात धरला. "मीनल, थांब जरा. पाणी चढतंय, त्यांना बसायला दुसरी जागा आहे कुठे?"

थवा खरंच वळला... आणि त्याच्या मागोमाग, एकटाच, तो! समोरच्या खडकावर उतरला. मी तशीच पोटावर आडवी झाले, कोपरं चिखलात. त्याने खडकाला चिकटलेल्या कालवाच्या फटीत चोच घातली, एक हिसका दिला, शिंपला उघडला. मी बटण सोडलंच नाही!

स्क्रीनवर आप्पा कितीतरी वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "चोचीवरचं पाणीसुद्धा दिसतंय गं..."

ग्रुपवर फोटो त्यांनीच टाकला. खाली फक्त "वरोर, आज सकाळी." संध्याकाळी त्या स्मायलीवाल्याचा फोन आला. "सर, चुकलंच माझं. मलाही दाखवाल?"

आप्पा खळखळून हसले. "या की, उद्याच या! भरती जरा उशिरा आहे, आमच्याकडे चहा घेऊन निघू."

फोटोवरच्या सगळ्या कौतुकासाठी मनापासून थँक्यू. पण खरं सांगू... रविवारी किनाऱ्यावरून परत येताना आप्पा स्कूटरवर मागे बसून रस्ताभर मोठ्याने गात होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, ते इतकं छान गातात हे मला त्या दिवशी कळलं.