विनाकारण बसलेले

नगररचना कार्यालयाच्या कागदोपत्री तिचं पद ‘क्षेत्रगणक’ होतं, पण त्या नावाने तिला कुणी कधी हाक मारली नाही. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला मोजणीबाई म्हणत. चौकाच्या कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचं, मांडीवर फळी, फळीवर तक्ता, उजव्या हातात अंगठ्याने दाबायचं छोटं आकडेयंत्र. माणूस समोरून गेला की टक्. दुसरा गेला की टक्. एकवीस वर्षं तिने हेच केलं. अंगठ्याला घट्टा पडला होता आणि बोलताना मधेच तो आपोआप हलायचा.

बाई रागीट. नळाला पाणी कमी आलं तर ही नळाशी भांडते, असं तिचा नवरा म्हणायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचा आरडाओरडा ऐकून त्याचे कान इतके तयार झाले होते, की घरी बायकोचा आवाज चढला तरी तो शांतपणे चहा ढवळत बसे. तिचा राग फुकाचा नसतो एवढं मात्र तो मान्य करायचा.

तक्त्यात तीन रकाने होते. पहिला ‘चालणारे’, दुसरा ‘कामासाठी थांबलेले’, तिसरा ‘विनाकारण बसलेले’. हा तक्ता कुणी तयार केला, केव्हा केला, कुणालाच माहीत नव्हतं. ती नोकरीला लागली त्याआधीपासून तो होता, आणि तिने कधी त्या शब्दांकडे नीट पाहिलंच नव्हतं. रकाना होता, आकडा भरायचा, खाली सही करायची.

तक्त्यात न मावणाऱ्या पुष्कळ गोष्टी मात्र तिला एकवीस वर्षांत कळल्या होत्या. माणूस मोकळ्या जागेच्या मधोमध बसत नाही, तिथे कितीही छान बाक ठेवा. त्याला पाठीशी काहीतरी लागतं आणि डोळ्यांपुढे काहीतरी. बंद पडलेल्या टेलिफोन कचेरीसमोर गुडघ्याएवढी एक बुटकी दगडी भिंत होती. मागे कचेरीचा आधार, दुपारपासून झाडाची सावली, समोर बसथांबा आणि शिंप्याच्या दुकानाची मोठी काच. भिंतीचा काठ बसून बसून गुळगुळीत झालेला. ती भिंत बसायला म्हणून बांधलीच नव्हती, आणि पाच वाजता तिथे टाचणी ठेवायला जागा नसायची.

मोजे विणायच्या कारखान्यातल्या मुली संध्याकाळी सुटल्या की चौकातून सरळ न जाता भिंतीच्या कडेने वळसा घालून जायच्या. मोजणीबाईने पहिल्या वर्षी त्यांना वेड्यात काढलं. मग लक्षात आलं, भिंतीवर बसलेले सात-आठ म्हातारे त्यांना येता-जाता पाहत असतात. म्हाताऱ्यांना वाटायचं आपण पत्ते खेळतोय. खरं तर ते पहारा देत होते, आणि मुलींना ते म्हाताऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

त्या भिंतीवर रोज साडेचारला वन्संही येऊन बसत. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. आयुष्यभर लोकरीच्या गिरणीत यंत्रापुढे उभं राहून गुडघे झिजवलेली, यजमान गेल्यापासून भावाकडे राहणारी, आणि मोजणीबाईशी बरोबरीने भांडू शकणारी जगातली एकमेव बाई. वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला जायचा त्यांचा नेम होता. धडधाकट माणसाला बारा मिनिटांचा रस्ता, त्यांना पाऊण तास लागे. “माझे तीन थांबे आहेत,” त्या सांगायच्या. “औषधवाल्याची पायरी, भिंत आणि वाचनालयाचं फाटक.” भिंतीवर त्या सगळ्यांत जास्त वेळ बसत आणि न वाचलेल्या बातम्यांवरून म्हाताऱ्यांशी कडाडून वाद घालत.

एके दिवशी कार्यालयातल्या नकाशेसाहेबांनी मोजणीबाईला बोलावलं. नवे चौक आखायचं काम त्यांच्याकडे होतं. वय चाळिशीच्या आतलं, बोलणं अतिशय गोड.

“टेलिफोन कचेरीच्या चौकाची पाच दिवसांची खास मोजणी हवी आहे,” ते म्हणाले. “तुमच्याइतकी चोख कुणी करत नाही.”

बाई फुलली. चौकात काहीतरी चांगलं होणार, एखादं छप्पर, प्यायच्या पाण्याचा नळ, असं तिला वाटलं. पाच दिवस ती पाणी प्यायलाही उठली नाही. तिसऱ्या रकान्यात रोज पाच वाजताचा सरासरी आकडा आला एकेचाळीस. त्या एकेचाळिसात एक आकडा वन्संचा होता, आणि तो दाबताना तिला मनातल्या मनात हसूही आलं होतं.

चार महिन्यांनी सकाळी ती बसमधून उतरली तर भिंत नव्हती. पिवळं यंत्र उरलेल्या दगडांचा ढीग करत होतं. ती तशीच उलट पावली कार्यालयात गेली.

“साहेब, भिंत का पाडली?”

“अहो, तुमच्याच आकड्यांमुळे!” नकाशेसाहेब आनंदाने म्हणाले. “एकेचाळीस माणसं विनाकारण बसलेली. पंचविसाच्या वर गेलं की अडथळा धरायचा, असा नियमच आहे. तुमच्या तक्त्यावर काम एका फटक्यात मंजूर झालं.”

“विनाकारण हा शब्द माझा नाही.”

“सही तुमचीच आहे की.”

तिला कुणी कानफटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. ती बाहेर आली. घरी त्या दिवशी तिचा आवाज चढला नाही, आणि नवरा पहिल्यांदा घाबरला.

नवा चौक तयार झाला. राखाडी चकचकीत दगड, उंच दिवे, आणि फुलझाडांसाठी दगडी चौथरे. चौथऱ्यांचा वरचा काठ मुद्दाम उतरता घेतलेला, कुणी टेकू नये म्हणून. कार्यालयाच्या दारात त्याचं मोठं चित्र चौकटीत लावलं. मोजणीबाई येता-जाता त्याच्यासमोर उभी राही. चित्रात माणसं होती. फुगा घेतलेली मुलगी, सायकल धरलेला तरुण, हसत चाललेली जोडपी. तिने ती मोजली. सव्वीस. त्यातलं एकही बसलेलं नव्हतं, एकही म्हातारं नव्हतं. चित्रातल्या एकाही माणसाचे गुडघे दुखत नव्हते.

खऱ्या चौकात म्हातारे आठवडाभर येऊन उभे राहिले, मग यायचे बंद झाले. कारखान्यातल्या मुली मोठ्या रस्त्याने, गाड्यांच्या धुरातून जाऊ लागल्या. शिंप्याने एका संध्याकाळी मोजणीबाईला हाक मारली.

“बाई, मी आता सहालाच काच झाकतो.”

“का?”

“परवा दोघांनी इथेच एका पोरीची पिशवी ओढून नेली. भर संध्याकाळी, लख्ख दिव्याखाली. मी मान वर करेपर्यंत पसार. पूर्वी कुणाची छाती झाली असती का? एवढा उजेड केलाय, पण पाहणार कोण? दिवा?”

दुसऱ्याच महिन्यात वन्सं पडल्या. औषधवाल्याच्या पायरीपासून निघून दमून चौकात आल्या, दुसरा थांबा नाही हे माहीत असूनही पाय पुढे जाईनात, म्हणून चौथऱ्याच्या उतरत्या काठावर टेकल्या. दगड चकचकीत, काठ उतरता. घसरल्या त्या हातावर. मनगट मोडलं. उचलायला जवळ कुणी नव्हतं, दुकान सोडून शिंपी धावला तेव्हा त्या स्वतःवरच चिडून खाली बसल्या होत्या आणि म्हणत होत्या, “आता तरी बसू द्या.”

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. मोजणीबाई म्हणाली, “चला वन्सं, आज वाचनालयापर्यंत मी येते बरोबर.”

“नको गं. त्या बातम्यांत आता काही राम राहिला नाही.”

वन्सं आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी धडधडीत खोटं बोलल्या होत्या.

वर्षाअखेर त्याच चौकाची फेरमोजणी निघाली. तिसऱ्या रकान्यात आकडा आला दोन, आणि ते दोघे दिवा दुरुस्त करायला आलेले वायरमन होते, जमिनीवर बसून डबा खात होते. तक्ता पाहून नकाशेसाहेब खुर्चीतून उठलेच.

“एकेचाळीसवरून दोन! बाई, फत्ते!”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते त्या खोलीतल्या चारही कारकुनांनी त्या दिवशी पाहिलं.

“फत्ते? चौक मेलाय तुमचा, साहेब! मेलेल्या माणसाचा ताप उतरला म्हणून पेढे वाटताय? तिथे कधी तासभर बसलात?”

“मी पाहिलाय चौक. वरून काढलेले फोटो आहेत माझ्याकडे.”

“वरून डोकी दिसतात. पाय दिसत नाहीत. चला आत्ता माझ्याबरोबर आणि दाखवा कुठे टेकायचं ते!”

“बाई, आवाज खाली,” साहेब म्हणाले. त्यांना खरोखरच कळत नव्हतं ही बाई का भडकलीय. चौक स्वच्छ झाला होता, तक्रारी थांबल्या होत्या, चित्राप्रमाणे सगळं झालं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते प्रामाणिक कोडं पाहून तिचा राग आणखीच चढला. लबाड माणसाशी निदान भांडता तरी येतं.

पुढची मोजणी होती सरकारी दवाखान्याच्या पायऱ्यांची. नऊ रुंद पायऱ्या, त्यांवर सदा माणसं. त्यांवर टोकेरी लोखंडी पट्ट्या बसवायच्या, असं आधीच ठरलेलं होतं. कागद तेवढा हवा होता.

मोजणीबाईने त्या दिवशी खुर्ची नेलीच नाही. आकडेयंत्र पिशवीत टाकलं आणि पहिल्या पायरीवर बसलेल्या माणसापुढे जाऊन उभी राहिली.

“इथे का बसलात?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“मला काही नाही. सरकारला लिहून द्यायचंय. विनाकारण बसलात असं लिहू?”

“विनाकारण?” तो ताडकन उठला. “माझी बायको आत आहे! तिसरा तास आहे हा!”

“तेच लिहिते. बसा.”

तीन दिवस ती पायऱ्या चढत-उतरत राहिली. एकूण त्रेसष्ट माणसं. कुणी म्हणालं चक्कर येते म्हणून, कुणी म्हणालं नंबर लागायचाय. एका बाईने सांगितलं, आत औषधांच्या वासाने मळमळतं. एक जण म्हणाला, डॉक्टरांनी जे सांगितलं ते घरी कसं सांगायचं याचा विचार करतोय. एक म्हातारा म्हणाला, “घरी कुणी नाही. इथे माणसं दिसतात.” तिने तेही जसंच्या तसं लिहिलं. पुरवण्या जोडल्या. तिसऱ्या रकान्यात ठळक शून्य घातलं आणि सही केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सही करताना तिने वरचा मजकूर वाचला.

“हे काय आहे?” नकाशेसाहेबांचा गोडवा पार गेला होता. “हे संगणकात भरता येत नाही!”

“मग रकाना चुकलाय.”

“परत भरून आणा.”

“नाही आणणार.”

“मी दुसऱ्याला पाठवीन.”

“खुशाल पाठवा. यादीची एक प्रत मी दवाखान्याच्या फळ्यावर लावलीय. लोकांनी आपापलं कारण वाचलंय. आता त्यांना विनाकारण म्हणायला कोण येतो तेच बघायचंय मला!”

खरंच लावली होती. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई तीच यादी हातात घेऊन मोठ्या साहेबांपुढे आल्या आणि अर्धा तास उठल्या नाहीत. पायऱ्यांचं काम ‘तूर्त स्थगित’ झालं. मोजणीबाईने शिस्त मोडली म्हणून तिची बदली तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत झाली. तिथे खिडकी नाही आणि मोजायला कुणी नाही.

पायऱ्या वाचल्या याचा तिला आनंद झाला का? नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, “भिंत गेली ना. माझ्या सहीने गेली.” रविवारी तो बाजारातून एक घडीचं स्टूल घेऊन आला, हलकं, काठीसारखं हातात धरता येणारं. तिने ते वन्संपुढे ठेवलं.

“हे घ्या. कुठेही उघडा आणि बसा. चला वाचनालयात.”

वन्संनी स्टूल उघडून पाहिलं, बसून पाहिलं, मिटून परत दिलं.

“चांगलं आहे. पण मी नाही नेणार.”

“का पण?”

“अगं, स्टूल घेऊन रस्त्यात बसलेल्या म्हातारीकडे लोक कसे बघतात ठाऊक आहे? बिचारी म्हणतात, नाहीतर वेडी. भिंतीवर बसले होते तेव्हा मला कुणी बघतच नव्हतं. चार माणसांतलं एक माणूस होते मी.” त्या खिडकीकडे वळल्या. “मी काय देव आहे, आपलं आसन बरोबर घेऊन फिरायला?”

मोजणीबाई स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा आदळून धुतली.

आता ती तळघरात बसून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक अर्ज लिहिते. तक्त्यातून ‘विनाकारण’ हा शब्द काढावा आणि टेलिफोन कचेरीसमोर गुडघ्याएवढी, सपाट काठाची भिंत पुन्हा बांधावी, एवढंच त्यात असतं. आजवर चौदा अर्ज झाले. एकाचंही उत्तर आलेलं नाही. सरकारी अर्जाच्या शेवटी ‘आपली नम्र’ असं लिहायची पद्धत आहे. ती ते लिहीत नाही.